चढावर दमणारी गाडी

इंजिन बदललेली टॅक्सी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा ह्यांनी हाक मारून मला खाली बोलावलं. "अगं, ये तर! ऐक तरी!" मी ओले हात पदराला पुसत जिना उतरले. गाडी जागच्या जागी छान गुरगुरत होती. बॉनेटवर कोणीतरी ठेवलेल्या चहाच्या कपातला चहासुद्धा हलत नव्हता. टॅक्सीवाला हात जोडून उभा होता, आमचा लेक कपाळावरचा घाम बाहीला पुसत होता, आणि हे कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते, जणू मीच परीक्षा घ्यायला आलेय. मी म्हटलं, "छान." दुसरं काय म्हणणार? मग टॅक्सीवाला गाडी घेऊन निघाला, पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या चढावर वळला, आणि अर्ध्या चढावर गाडीने मान टाकली. आम्ही तिघं फाटकात उभे राहून ते बघत होतो.

हे म्हणजे माझे यजमान. गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते. मी त्यांना आजवर कधी नावाने हाक मारलेली नाही, 'अहो'वर सगळा संसार निभावला. खाली गॅरेज आणि वर आमच्या खोल्या. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर गॅरेजच्या पत्र्यावर उघडते, त्यामुळे खाली कोण काय बोललं, कोणाच्या हातून पाना पडला, कोणी कोणाला शिवी दिली, सगळं मला फोडणी देता देता कळतं. जेवणाला पेट्रोलचा वास येतो असं सून म्हणते. मला येत नाही. इतक्या वर्षांत माझं नाकही मिस्त्रीण झालंय.

ती टॅक्सी आमच्याकडे आली तेव्हा तिचं जुनं इंजिन पाण्यासारखं ऑइल पीत होतं आणि मागून निळा धूर सोडत होतं. ह्यांचं म्हणणं होतं, तेच इंजिन उघडू, घासू, नीट करू, आपलं ते आपलं. लेकाचं म्हणणं होतं की त्यात फार दिवस जातील, तोवर टॅक्सीवाल्याने खायचं काय? भंगारवाल्याकडे याच जातीची एक गाडी आलीय, मागून ठोकलेली, पुढून धडधाकट. तिचं इंजिन काढून आणू. दोघांची चांगली जुंपली. शेवटी हे हो म्हणाले, पण तोंडाने. ह्यांच्या मनाला हो म्हणायला लावणं म्हणजे गंजलेला नट सोडवणं. फिरल्यासारखा वाटतो आणि पुन्हा आहे तिथेच असतो.

त्यामुळे गाडी चढावर थांबली तेव्हा फाटकात उभ्या असलेल्या तिघांपैकी एकाच्या चेहऱ्यावर दुःखात थोडं समाधानही होतं. मी बायको आहे, मला ते दिसलं.

"बघ," हे म्हणाले. लेक धक्का मारायला धावला.

तिथून जे सुरू झालं त्याला माझ्याकडे एकच शब्द आहे: दमणूक. सपाट रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चालायची. जागच्या जागी तर विचारू नका, इतकी गोड. पण चढ आला, किंवा चार माणसं बसली, किंवा टॅक्सीवाल्याने जरा जोरात पाय दाबला की तिला धाप लागायची. गचके द्यायची, खोकायची, आणि शेवटी बंद पडायची. पाय उचलला की पुन्हा बरी. दुखणेकरी माणूस डॉक्टरसमोर बसला की त्याचं दुखणं पळतं, तसलं सगळं.

दोघा बापलेकांनी काय काय केलं! स्पार्क प्लग बदलले. प्लगच्या वायरी बदलल्या. पेट्रोलचा फिल्टर बदलला. पंप काढून बाहेर चालवून बघितला, नळासारखी धार लागली होती. टायमिंग बेल्टचं झाकण उघडून खुणा जुळवून बघितल्या, जुळत होत्या. इंजिनपासून गाडीच्या अंगाला जाणारी अर्थिंगची वायर नवीन टाकली. हवेचा फिल्टर काढून फेकला आणि बिनफिल्टरची गाडी चढावर नेली, तरी तेच. तेव्हा दोघं म्हणाले, चला, हवेचा प्रश्न नाही. शेजारच्या गल्लीतला इलेक्ट्रिशियन त्याचा स्कॅनर घेऊन आला. त्याने तो गाडीला जोडला, खूप वेळ त्यात डोकं घातलं आणि शेवटी सांगितलं की गाडीला काहीही झालेलं नाही. टॅक्सीवाला म्हणाला, "मग ती वरची पाण्याची टाकीच खाली आणा. मला वर जायला नको."

हा टॅक्सीवाला तसा विनोदी माणूस. पण त्याचा विनोद रोज थोडा थोडा आटत चालला होता. सकाळी येऊन तो उलट्या खोक्यावर बसायचा, आमचाच चहा प्यायचा, आणि कधी गाडीकडे, कधी मिस्त्रींकडे बघायचा. काही बोलायचा नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. माणूस भांडला की आपल्यालाही भांडता येतं, गप्प बसला की काय करणार?

आता हे सगळं चाललं असताना दोषी कोण, हे ठरलेलंच होतं. नवीन इंजिन. घरात नवी सून आली की त्या दिवसापासून दूध उतू गेलं तरी तिच्यामुळे आणि नासलं तरी तिच्यामुळे. मी हे एकदा मोठ्याने म्हणाले, तर सून भांडी पुसता पुसता माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, हे तुम्ही म्हणताय?" मी विषय बदलला.

पण मला म्हणायचं होतं ते हेच. जुन्या गाडीचं सगळं चांगलं, कारण ते जुनं. वाईट असेल तर ते बाहेरून आलेलंच. आणि ते बाहेरून आणलं कोणी? लेकाने. म्हणून दर वेळी गाडी चढावरून धक्का मारून परत आली की ह्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं.

"भंगारातला माल, भंगारच निघणार."

"बाबा, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तुमच्यासमोर मोजलं. सारखं आहे."

"मोजमाप सगळं बरोबर आणि गाडी चढत नाही. मग काय, चढ चुकीचा आहे?"

असं रोज. मी वरून ऐकायचे. ह्यांच्या आवाजातला थकवा मला ओळखू येत होता, आणि तो त्या गाडीपुरता नव्हता.

हे गेले काही महिने काहीतरी हरवल्यासारखे वागत होते. चष्मा घ्यायला वर यायचे आणि चष्मा न घेता खाली जायचे. चहा पिऊन झाल्यावर तासाभराने विचारायचे, आज चहा केला नाहीस का? एकदा एका गिऱ्हाइकाची गाडी बघायला म्हणून चालवत नेली आणि कोपऱ्यावर जाऊन थांबून राहिले. तिथल्या न्हाव्याने हाताला धरून आणून सोडलं. "ऊन लागलं," म्हणाले. तेव्हा आभाळ भरलेलं होतं. मी हे लेकाला सांगितलं नव्हतं. सुनेलाही नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी माझ्या मनात होतं. शिवाय लेक खाली त्यांच्याबरोबर असायचा, सारखा नजरेसमोर, म्हणून मला धीर होता. तो आहे तोवर चाललंय, असं मी स्वतःला सांगायचे.

म्हणून त्या सकाळी खालून जे ऐकू आलं त्याने माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

लेक म्हणत होता, "ठीक आहे. उद्या इंजिन पुन्हा उतरवतो. तुमच्यासमोर उघडतो. त्यात दोष निघाला तर मी इथून जातो."

"कुठे जातोस?"

"सर्व्हिस सेंटरवाला कधीचा बोलावतोय. ज्याला इंजिन पारखता येत नाही त्याने इथे राबून काय उपयोग? तिथे निदान कोणी दिवसभर टोमणे मारणार नाही."

मला वाटलं, आता हे काहीतरी समजुतीचं बोलतील. एक शब्द पुरला असता. पण ह्यांचा स्वभाव म्हणजे दुखावले की दरवाजा सताड उघडायचा.

"जा की. उद्याची वाट कशाला बघतोस? अडवलंय कोणी?"

लेकाने हातातलं फडकं बॉनेटवर टाकलं. आधी त्याने इंजिन उचलायची चेनपुली वरच्या लोखंडी तुळईला बांधून घेतली, कारण उद्याचं काम उद्या व्हायलाच हवं होतं, मग हातपाय धुऊन, स्वच्छ शर्ट घालून तो बाहेर पडला. सून जिन्यात उभी राहून त्याला म्हणाली, "दुपारनंतर जा ना." तो म्हणाला, "आत्ताच जाऊन येतो." मी त्या स्वच्छ शर्टाकडे बघत राहिले. गॅरेजमध्ये काम करणारा माणूस कामाच्या दिवशी स्वच्छ शर्ट घालतो तो एकतर लग्नाला, नाहीतर कायमचा निघाला म्हणून.

मी काय करणार? मी धुणं धुवायला बसले. माझं असंच आहे, काही सुचेनासं झालं की मी कपडे आपटते.

आमच्या घरच्या धुण्यात एक वेगळी बादली असते, गॅरेजच्या फडक्यांची. लेक दुकानातली पिवळी फडकी वापरतो, ती धुवायची नसतात, काळी झाली की टाकायची. ह्यांना ती चालत नाहीत. ह्यांना माझ्या जुन्या सुती साड्यांचीच फडकी लागतात. मऊ असतात, सूत सुटत नाही, म्हणे. साडी फाटली की मी तिचे चौकोन करते, आणि आठवड्याला सोड्यात भिजवून धुते. टॅक्सीचं काम निघालं तेव्हा मी माझी जांभळ्या काठाची साडी फाडली होती. तिची फडकी एकेक करून बादलीत येत होती. काठाच्या दोन तुकड्यांची जोडी होती. मी एक पिळून वाळत टाकलं. दुसरं सापडेना. बादली पालथी केली. नव्हतं.

मला राग आला. खरं तर मला राग दुसऱ्याच गोष्टीचा होता, पण तो फडक्यावर काढणं सोपं होतं.

दुपारचा चहा घेऊन मी खाली गेले. टॅक्सीवाला जेवायला घरी गेला होता. हे एकटेच खोक्यावर बसले होते. चेनपुलीची साखळी वाऱ्याने किंचित हलत होती, तिच्याकडे बघत होते. इतकं दमलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पाठीत बाक, हातांवर जुन्या ऑइलच्या रेघा, पायातल्या चपलेचा पट्टा सुटलेला आणि तो लावायचीही ताकद नाही. मी कप हातात दिला आणि म्हटलं,

"काठाचं एक फडकं आलं नाही धुण्याला. कुठे टाकलंत?"

"असेल इथेच."

"इथे नाही. मी सगळं बघितलं. इंजिन काढलं त्या दिवशीची दोन होती. एकच परत आलं."

ते कप तोंडाशी नेत होते. तो हात मधेच थांबला.

इथे मला गॅरेजची एक रीत सांगायला हवी. इंजिन उतरवलं की गाडीत जिकडेतिकडे नळ्यांची उघडी तोंडं राहतात. त्यांत एखादा नट पडला किंवा उंदीर शिरला की संपलं. म्हणून प्रत्येक तोंडात फडक्याचा बोळा कोंबायचा. आणि आमच्याकडे ह्यांचा कायदा असा की ज्याने बोळा कोंबला त्यानेच काढायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही. दोघांनी काढायचं म्हटलं की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने काढला असेल, आणि तो आतच राहतो. हा कायदा ह्यांनी लेकाला पाना धरायला शिकवलं तेव्हाच शिकवला होता. म्हणून ह्या सगळ्या दिवसांत लेकाने अर्धी गाडी उलगडली, पण बाबांनी बोळे काढले का, हे त्याने विचारलं नव्हतं. ते विचारणं म्हणजे बापाला तुम्हाला काम येतं का, असं विचारणं झालं असतं.

ह्यांनी कप जमिनीवर ठेवला. चहा तसाच. उठले, गाडीपाशी गेले, बॉनेट उघडलं. हवेच्या फिल्टरपासून इंजिनकडे जाणारा एक जाड रबरी पाइप असतो, मधे वाकलेला. तो नवीन इंजिनचा नव्हता. तो जुन्या गाडीचाच होता, म्हणून त्याच्यावर कोणाचा संशय गेलाच नव्हता. ह्यांनी त्याची क्लिप सैल केली, पाइप इंजिनकडून ओढून काढला आणि त्यात दोन बोटं घातली. मग अख्खा हात घातला. वळणापाशी काहीतरी होतं. ते ओढायला त्यांना जोर लावावा लागला.

माझं फडकं बाहेर आलं. काळंकुट्ट, वातीसारखं पिळवटलेलं. जांभळा काठ मात्र तसाच.

गाडी सावकाश चालायची तेव्हा त्या फडक्याच्या बाजूने हवा मिळायची. जोर लावला की फडकं ओढलं जायचं आणि नरडं आवळल्यासारखं व्हायचं. एवढंच होतं. इंजिन बिचारं पहिल्या दिवसापासून चांगलं होतं.

मी आजूबाजूला पाहिलं. फाटकात कोणी नव्हतं. टॅक्सीवाला आला नव्हता, लेक आला नव्हता. फडकं माझ्या बादलीत टाकलं असतं तर हे प्रकरण मिटलं असतं. ह्यांनी संध्याकाळी सांगितलं असतं, "एक वायर सैल होती," आणि कोणाला काही कळलं नसतं. मी तर जन्मात बोलले नसते. नवऱ्याची अब्रू वाचवण्यात बायकांचं निम्मं आयुष्य जातं, आणखी एका फडक्याने काय होणार होतं?

पण ह्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. भीती होती. ते फडकं दोन्ही हातांत धरून त्याच्याकडे बघत होते.

"हा मीच घातला असणार," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाकडे हे फडकं नसतं. पण मला आठवतच नाही गं. बोळा काढायला विसरणं मी समजू शकतो. घातलेलाच आठवत नाही. पाइपसुद्धा आठवत नाही."

मी म्हटलं, "दमलाय तुम्ही. किती दिवस नीट झोप नाही."

"पोराला येऊ दे," ते म्हणाले, आणि टायरवर बसून राहिले.

लेक आला तेव्हा त्याच्या शर्टाला अजून घडी होती. मागोमाग टॅक्सीवालाही आला. मला वाटलं, हे टॅक्सीवाल्याला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवतील. नाही पाठवलं. त्यांनी ते फडकं बॉनेटवर पसरलं आणि लेकाला सरळ सांगितलं, "हे हवेच्या पाइपात होतं. माझा बोळा. तुझ्या इंजिनात काही दोष नाही. कधीच नव्हता."

टॅक्सीवाल्याने तोंड उघडलं, फडक्याकडे बघितलं, मिस्त्रींकडे बघितलं, आणि मिटलं. चांगल्या घरचा माणूस.

लेकाने फडक्याला हातही लावला नाही. पाइप उजेडाकडे धरून बघितला, परत बसवला, क्लिप घट्ट केली आणि किल्ली घेतली. आम्हाला कोणालाही न विचारता तो टॅक्सी घेऊन चढाकडे वळला. आम्ही पुन्हा फाटकात. गाडी चढाला लागली, अर्ध्यावर गेली, आणि न अडखळता टाकीच्या मागे दिसेनाशी झाली. टॅक्सीवाल्याने चक्क टाळ्या वाजवल्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते चढाकडे बघत होते, पण खूश झाल्यासारखे नव्हते.

लेक परत आला, किल्ली टॅक्सीवाल्याच्या हातात दिली. तो आनंदाने निघून गेल्यावर आम्ही तिघंच उरलो.

"मी तिकडे हो सांगून आलोय," लेक म्हणाला. "सोमवारपासून."

"बरोबर केलंस," हे म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना. "जा तू. मी तुला उगाच बोललो."

लेकाला काय वाटलं ते मला सांगता येणार नाही. आठवडाभर त्याला हेच ऐकायचं होतं आणि ऐकल्यावर त्याला ते कुठे ठेवावं कळेना. तो म्हणाला, "असू दे," आणि हत्यारं जागेवर लावायला लागला. हे वर आले, मी चादर घातली न घातली तोच आडवे झाले आणि दगडासारखे झोपले.

दुपारभर मी सुनेला टाळत होते. तिला नवऱ्यासाठी बांधल्या पगाराची नोकरी हवी होती, हे मला ठाऊक होतं, आणि त्यात तिचं काही चुकतही नव्हतं. नात मोठी होतेय, तिची शाळा आहे. पण मी मनातल्या मनात खाली बघत होते. हे एकटे त्या गॅरेजमध्ये, बॉनेटखाली वाकलेले, एखाद्या माणसाची गाडी उघडलेली, आणि आपण काय करत होतो ते आठवत नाहीये. ब्रेकचं काम असलं तर?

दिवेलागणीला ताटं मांडली. लेक बसला, सून वाढायला लागली. हे उठून, तोंड धुऊन आले. झोप झाल्यामुळे चेहरा ताजा दिसत होता. हातात पाना होता.

"चला," म्हणाले, "चेनपुली बांधलीय ना? जेवायच्या आधी निदान खालचे नट तरी सैल करून ठेवू. सकाळी एका दमात इंजिन उतरेल. टॅक्सीवाला कुठे गेला?"

लेकाने मान वर केली. तो त्यांच्याकडे बघत होता, थट्टा चाललीय का, याचा अंदाज घेत. ह्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"गाडी गेली, बाबा," तो हळूच म्हणाला.

"गेली? कशी गेली? चढ चढली?"

"चढली."

"अरे वा! मग काय निघालं?"

मी तोंड उघडलं. तेच पुन्हा सांगायचं? दुपारी जो माणूस टायरवर बसून घाबरला होता त्याला पुन्हा एकदा तसंच घाबरवायचं? आणि उद्या पुन्हा? लेकाने माझ्याकडे पाहिलं. चष्मा, चहा, कोपऱ्यावरचा न्हावी, मी कधी काही सांगितलं नव्हतं, पण असं बरंच काही मी लपवलंय हे एवढ्या एका नजरेत त्याला कळलं.

"इंजिनचंच होतं," तो म्हणाला. "मी घेताना नीट बघायला हवं होतं. तुम्ही म्हणत होतात तेच खरं."

"मग!" ह्यांनी पाना खिडकीत ठेवला आणि ऐटीत ताटावर बसले. "पहिल्या दिवसापासून मी काय सांगतोय? भंगारातलं इंजिन घ्यायचं तर ऑइलचं झाकण काढून आत बघायचं. नुसतं बाहेरून चकचकीत असून भागत नाही."

"हो."

"बोट फिरवायचं आत. काळं असलं तर चालेल, दुधाळ असलं तर नाही, आत पाणी शिरलेलं असतं."

"बरं."

जे लेकाला लहानपणापासून येतं ते सगळं हे त्याला समजावून सांगत होते, आणि तो मान हलवत घास गिळत होता. हे कित्येक दिवसांनी पोटभर जेवत होते. मला रडू आवरेना. भात आणायचं निमित्त करून मी आत गेले आणि पातेल्यापाशी उभी राहिले. लेक मागोमाग आला.

"कधीपासून चाललंय हे?"

"बरेच दिवस झाले."

"मला सांगायचं नाही?"

मी पातेल्यातला भात वाडग्यात काढू लागले. बाहेर हे सुनेला ऑइलच्या झाकणाबद्दल सांगत होते. तीही हो हो म्हणत होती, पोरीने आवाजात काही जाणवू दिलं नाही.

"सोमवारचं काय करतोस?" मी विचारलं.

"सोमवारी नाही जात."

"मग कधी?"

"आई, भात घेऊन चल. ते थांबलेत."